घाटाखालचा खंडाळा

खंडाळ्याला जाऊन आलो असे सांगितले की मुंबई-पुण्याचा माणूस लगेच विचारतो, "कुणाचा बंगला मिळाला? पाऊस होता का? आणि चिक्की?" त्याचे काही चुकत नाही. बोरघाटाच्या माथ्यावर बसलेल्या खंडाळ्याने या नावाची सगळी कीर्ती आपल्याकडे ओढून घेतली आहे. परंतु सातारा जिल्ह्यातही एक खंडाळा आहे, आणि तो घाटमाथ्यावर नसून घाटाच्या पायथ्याशी आहे. पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागावे, शिरवळपाशी नीरा ओलांडावी, आणि समोर खंबाटकीचा डोंगर आडवा आला की समजावे, खंडाळा आला. येथे धबधबे नाहीत आणि धुकेही नाही. महाबळेश्वरावर आणि वाईच्या डोंगरांवर आपली पोती रिकामी करून आलेले ढग येथवर पोहोचेपर्यंत हलके झालेले असतात. त्यामुळे जमीन पाण्याला आसुसलेली, माळ उघडे, आणि झाडे काटक. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यातले. ३ जानेवारी १८३१ ही त्यांची जन्मतारीख. हवा खायला म्हणून मात्र येथे कुणी येत नाही.

आम्ही गेलो ते मावशीसाठी. मावशीचे यजमान लोणंदला शाळेत शिक्षक होते आणि लग्नानंतरची नऊ वर्षे तिने तेथे काढली. आता ती पुण्याला मुलाकडे असते. वय शहात्तर, दृष्टी चांगली, स्मरण त्याहून चांगले आणि मते पक्की. त्या मतांतील एका मताला अलीकडे जबर धक्का बसला आहे. २०२० साली करोनाच्या धास्तीने घरोघर काढे उकळू लागले, तेव्हा मावशीनेही गुळवेलीचा रस सुरू केला. रोज सकाळी अर्धी वाटी, एकही दिवस न चुकता, सात-आठ महिने. मग तिची भूक गेली, लघवी पिवळी झाली, आणि एके दिवशी सुनेच्या लक्षात आले की सासूबाईंचे डोळे हळदीसारखे दिसताहेत. रक्त तपासले तेव्हा यकृत सुजलेले निघाले. डॉक्टरांनी सगळे विचारून झाल्यावर विचारले, "आणखी काही घेता?" मावशी म्हणाली, "औषध काही नाही. नुसती गुळवेल." डॉक्टरांनी ती बंद करायला लावली, तीन महिन्यांनी रक्त ताळ्यावर आले. मावशी बरी झाली, पण डॉक्टरांवरचा तिचा राग गेलेला नाही. "अरे, झाडाचा पाला तो! तो कसा बाधेल? माझ्या सासूबाई आम्हाला काय काय उकळून पाजायच्या, कुणाला कावीळ झाली?" हा तिचा सवाल. गेल्या फाल्गुनात तिने हट्ट धरला की मला एकदा लोणंद दाखवून आण. तेव्हा हा सवाल गाडीत आमच्याबरोबरच बसला.

लोणंदला पालखीच्या दिवसांत गेलात तर वारकऱ्यांखेरीज दुसरे काही दिसणार नाही. ज्ञानोबांच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला उतरते. बाकीचे वर्षभर मात्र लोणंद म्हणजे कांदा. दिवाळीच्या आगेमागे हळवा येतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी गरवा. हळवा लगेच खपवायचा, गरवा चाळीत ठेवायचा. बाजार आवारात शिरलो तेव्हा गरव्याच्या पहिल्या गाड्या उतरत होत्या. ढीग घातलेले, बायका निवडायला बसलेल्या. मोठा कांदा एकीकडे, लहान गोल्टी दुसरीकडे, आणि सगळीकडे गुलाबी-तांबड्या टरफलांचा पाचोळा. आमच्या सौभाग्यवतींनी आश्चर्याने विचारले, "इतका कांदा, पण डोळ्यांना पाणी कसे नाही?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. अखंड कांद्याला जवळजवळ वासच नसतो. त्याच्या पेशीत गंधकाची संयुगे एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात, अशी व्यवस्था असते. दात लागला किंवा विळी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि क्षणात झोंबणारी वाफ तयार होते. ती वाफ घडवणारे एक वेगळेच विकर असते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधून काढले, आणि डोळ्यांत पाणी न आणणारा कांदाही पुढे तयार केला. म्हणजे आपल्याला रडवणारी ही गोष्ट कांद्याने आपल्यासाठी केलेली नाही. जमिनीत बसल्या बसल्या त्याला किडा पोखरतो, बुरशी लागते, उंदीर कुरतडतो. त्याला पळता येत नाही, म्हणून त्याने दारूगोळा भरून ठेवला आहे. कांदा-लसणीचे म्हणून जे गुण आपण सांगतो त्यांतले बरेचसे याच दारूगोळ्याचे.

शिवाय कांद्यात क्वेरसेटिन नावाचे एक पिवळे द्रव्य असते. टरफलात ते सर्वांत जास्त. टरफल उकळून लोकर पिवळी रंगवतात ती त्याच्याच जोरावर. खाण्याच्या भागात ते बाहेरच्या पाकळ्यांत अधिक आणि गाभ्याकडे कमी असते. तेव्हा कांदा सोलताना टरफलाबरोबर वरच्या दोन जाड पाकळ्या काढून टाकायची जी शहरी पद्धत आहे ती चैनीची खरी, शहाणपणाची नव्हे. हॉलंडमधील झुत्फेन गावच्या ८०५ वृद्ध पुरुषांचा पाच वर्षे माग ठेवून १९९३ साली असे प्रसिद्ध झाले की चहा, कांदा आणि सफरचंद यांतून अशी द्रव्ये ज्यांच्या पोटात जास्त गेली त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे कमी निघाले. जगभर आनंद झाला. चार वर्षांनी त्याच संशोधकाने वेल्समधील पुरुषांची पाहणी छापली; तेथे असा काही लाभ दिसेना. अशा बाबतीत एका गावावरून जगाला सांगायला जाऊ नये, एवढे खरे. तरी लोणंदचा हमाल दुपारी भाकरीवर बुक्कीने फोडलेला कांदा खातो त्यात तोट्याचे काही नाही. आम्हीही खाल्ला. मावशीने मात्र नाही. "प्रवासात तोंडाला वास नको" म्हणाली.

लोणंदहून तरडगावच्या वाटेला लागले की चांदोबाचा लिंब लागतो. पालखीचे पहिले उभे रिंगण होते ते येथे. गावाला, देवळाला, विहिरीला नाव असते. येथे रिंगणाच्या जागेला लिंबाचे नाव आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. फाल्गुन असल्याने वाटेवरच्या लिंबांना तांबूस कोवळी पालवी फुटत होती. मावशीने गाडी थांबवली. एका लिंबावर बोटभर जाड वेल चढली होती आणि तिची पाने चक्क हृदयाच्या आकाराची होती. "बघ! लिंबावरची गुळवेल. सर्वांत गुणकारी." हे सांगताना तिचा आवाज असा झाला की जणू जुनी मैत्रीण भेटली, आणि त्याच मैत्रिणीने तिला मागे फसवलेही होते.

मला जे ठाऊक होते ते मी तेथेच सावलीत तिला सांगितले. तिची एकटीचीच ती कथा नव्हती. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची हकीकत छापली; यकृताला इजा झालेली आणि दुसरे कारण सापडलेले नाही. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: त्या लोकांनी घेतली ती गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असते. हरकत अगदीच गैर नव्हती. परंतु पुढच्या वर्षी देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली, तेव्हा प्रश्न वेलीच्या ओळखीपुरता राहिला नाही. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते, असे आपण कौतुकाने म्हणतो. काही माणसांच्या शरीरात ही शक्ती मुळातच बिथरलेली असते आणि आपल्याच यकृतावर चालून जायला निमित्त शोधत असते. तिला आणखी चेतवले तर काय होणार? मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे गुण आहे म्हणूनच बाधली म्हण की." मी म्हटले, "मावशी, डॉक्टरांना जे अर्धा तास सांगता आले नसते ते तू एका वाक्यात सांगितलेस." ती प्रसन्न झाली. तरी गाडीत बसताना तिने वेलीचे एक पान तोडून पर्समध्ये टाकलेच.

खंडाळ्याच्या जवळ आल्यावर चहासाठी थांबलो. मागे एक शेत होते आणि बांधावर अडुळशाची दाट कुंपणपट्टी, पांढरी फुले लागलेली. पलीकडे दहा-बारा शेरडे चरत होती. बोरीचा काटेरी पाला ती ओरबाडून खात होती, बाभळीला पाय लावून उभी राहत होती, परंतु अडुळशाच्या हिरव्यागार पानांकडे एकही फिरकत नव्हती. शेतकऱ्याला विचारले तर तो हसून म्हणाला, "तोंड लावत न्हाईत म्हणून तर बांधाला लावलाय, आजी. शेरडाला कळतंय, माणसाला न्हाई कळत." हा माणूस रसायनशास्त्र शिकलेला नव्हता, पण अडुळशाचे सगळे शास्त्र त्याने सांगून टाकले. त्या पानात व्हॅसिसीन नावाचे कडू द्रव्य असते. शेळीला दूर ठेवते तेच, आणि खोकल्याच्या आजाऱ्याचा कफ पातळ करते तेही तेच. त्याच द्रव्याच्या रचनेवरून १९६०च्या दशकात ब्रोम्हेक्झिन हे औषध तयार झाले आणि पुढे अँब्रोक्झॉल. आपल्या घरातल्या खोकल्याच्या बाटलीवरचा बारीक मजकूर पाहा. दहांतल्या दोन-तीन बाटल्यांत या बांधावरच्या झुडपाची नातवंडे सापडतील.

"पण पोटुशी बाईला अडुळसा द्यायचा नाही," मावशी मध्येच म्हणाली. "सासूबाई कुणाला देऊ द्यायच्या नाहीत. आणि पोराला दिला तरी पान मोजून. मध घालून चमचाभर, तीन दिवस, बस." आता आश्चर्य करण्याची पाळी माझी होती. व्हॅसिसीन गर्भाशयाला आकुंचन आणते, हे प्रयोगशाळांत सिद्ध झालेले आहे. सासूबाईंना द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते, निषेध ठाऊक होता. मी मावशीला म्हटले, "मग त्याच सासूबाईंनी गुळवेल आठ महिने रोज पाजली होती का गं?" मावशीने चहाचा पेला ठेवला. "छे! तापातून उठल्यावर आठ-दहा दिवस. रोज कोण पिणार? रोज म्हणजे ते औषध कसले?" आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून आमच्या सौभाग्यवतींनी मला डोळ्यांनीच दटावले, की पुरे आता. मीही पुरे केले.

शेजीबाईच्या बटव्यात गुण होते तसे माप होते, पथ्य होते आणि कुणाला द्यायचे नाही याची यादीही होती. मोबाईलवरून जे संदेश फिरतात त्यांत गुण तेवढे येतात. माप वाटेत गळते.

खंबाटकीचा घाट चढून उतरलो की वेळे, आणि मग वाईकडे फाटा. घाटाने फार मोठी करामत केलेली दिसते. अलीकडे माळ आणि बाभळी, पलीकडे कृष्णेचे खोरे, ऊस आणि हळद. हळद काढण्याचे दिवस होते. शेताच्या कडेला गड्डे आणि हळकुंडे वेगळी करून ठेवलेली, एका बाजूला शिजवणी चाललेली. पूर्वी मोठाल्या काहिलींत हळद उकळायची, वरून तिचाच पाला झाकायचा. आता बरेच जण वाफेच्या बॉयलरवर शिजवतात. त्या वाफेचा वास अर्धा मातीचा, अर्धा लग्नघराचा. शिजवल्याने कंद मरतो, त्यातला रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. हाच महामार्ग पुढे कराडला जातो आणि तेथून सांगलीची वाट धरता येते. सांगलीच्या पेठेत हळदीचे लिलाव लागतात, आणि शेजारच्या हरिपुरात जमिनीत खोदलेल्या पेवांतून ती साठवण्याची जुनी रीत आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

हळदीचा मोठेपणा आपल्याला कुणी सांगायला नको. तरी तो एकदा अमेरिकेच्या पेटंट कचेरीला सांगावा लागला. जखमेवर हळद लावल्याने ती भरते, या 'शोधा'चे पेटंट १९९५ साली तेथे दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख असताना परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख यांचे पुरावे पुढे केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. भांडण जिंकले ते हळद गुणकारी आहे म्हणून नव्हे, ते आधीपासून ठाऊक आहे म्हणून. हा फरक पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा. १८१५ साली ते वेगळे काढले गेले, त्याची रचना कळायला १९१० उजाडले. वाळलेल्या हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असते. म्हणजे भाजीत घातलेल्या पाव चमच्यात वीस-पंचवीस मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते; आपण हळद फोडणीत टाकतो ते काही उगाच नव्हे. पोटातून रक्तात ते फारच थोडे जाते. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातले पिपरिन बरोबर दिले तर हे प्रमाण माणसात वीस पटींनी वाढते. झाले! औषधाच्या दुकानांतून पाचशे-पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आल्या, मिऱ्यासह. शरीर दारातून परत पाठवत होते ते आता ढकलून आत घालायचे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२२ साली अशा हळदीच्या गोळ्यांनी यकृत दुखावलेल्या दहा जणांची नोंद छापली. त्यांतल्या बहुतेकांच्या अंगात एकच आनुवंशिक खूण सापडली. फोडणीच्या हळदीने कुणाला असे झाल्याचे मी तरी वाचलेले नाही. मावशीने वाईत दोन किलो हळद घेतली, हळकुंडे मोडून आतला रंग पाहून, भाव दोनदा पाडून.

वाईला मुक्काम केला. ढोल्या गणपती, घाट, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जेथे मराठी विश्वकोश उभा केला ते गाव, एवढे कारण मला पुरेसे होते. संध्याकाळी आमच्या ओळखीचे एक निवृत्त वनरक्षक भेटायला आले. पश्चिमेला महाबळेश्वरकडचे डोंगर निळे होत चालले होते. गोष्ट झाडांवरून निघाली आणि ते नरक्यावर आले.

नरक्या म्हणजे कोयना-महाबळेश्वरच्या जंगलातले एक मध्यम उंचीचे झाड. त्याला इतका घाण वास येतो की नावच नरक्या पडले. या झाडाची कथा जगाला वळसा घालून येते. आपल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर चालणारे द्रव्य शोधून काढले. पाच वर्षांनी याच जोडीने टॅक्सॉल शोधले, ते आणखी प्रसिद्ध झाले. इकडे १९७२ साली गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातील डॉ. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी दाखवले की तेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर आहे. नंदुरबारच्या माणसाने चिनी झाडात जे शोधले ते सह्याद्रीतल्या झाडात होतेच. मूळ द्रव्य फार जहरी; त्यात फेरफार करून केलेली दोन औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली, आणि बीजकोशाच्या व आतड्याच्या कर्करोगात ती जगभर दिली जाऊ लागली. कुणाच्या आईचे, कुणाच्या बहिणीचे आयुष्य त्यांनी लांबवले आहे.

"पूर्वी सरपणालासुद्धा कुणी आणत नसे," वनरक्षक सांगत होते. "वास येतो म्हणून. मग एकदम व्यापारी यायला लागले. किलोवर भाव. रात्री तोडायची, तुकडे करून पोत्यात भरायची, ट्रक खाली. आम्ही चार जण, डोंगर केवढा! एकेका पट्ट्यात बुंधे तेवढे उरले. मुळासकट काढून नेली ती तर गेलीच."

मावशी लक्ष देऊन ऐकत होती. झाडाला माणसाचा गुण बाधतो, हे तिला बहुधा नवीन होते. ती म्हणाली, "भाऊ, उद्या आम्ही वर जाणारच आहोत. एखादे उरले असेल तर दाखवाल? नुसते बघायचे आहे. पान तोडणार नाही."

वनरक्षकांनी तिला नमस्कार केला. "रागावू नका, ताई. तीन-चार जागा ठाऊक आहेत मला. पण नोकरी सुटली तरी सांगत नाही मी कुणाला."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली, आणि पर्स उघडून गुळवेलीचे ते सुकलेले पान तिने त्यांच्या हातावर ठेवले. "ही मात्र गुळवेलच ना? की ती दुसरी?" त्यांनी पान उजेडाकडे धरले, उलटे केले, शिरा पाहिल्या, आणि म्हणाले की नुसत्या पानावरून नाही सांगता येत, खोड पाहायला हवे.